बॅनरसाठी काढलेला कठडा

सेफ्टी ऑफिसर म्हणून मला पहिली नोकरी लागली, तेव्हा शेठने माझ्या हातात एक पांढरं हेल्मेट दिलं आणि एका खोलीची किल्ली दिली. त्या खोलीत कामगारांची पिवळी हेल्मेटं कुलपात होती. प्रत्येक हेल्मेट प्लास्टिकच्या पिशवीत.

"जपून ठेवायची," शेठ म्हणाला. "पाहुणे आले की काढायची. धूळ बसली की परत पुसत बसावं लागतं."

शेठ म्हणजे ठेकेदार. जालन्याला बायपासच्या बाजूला त्याच्या सात मजली इमारतीचं काम चालू होतं. मी आष्टीचा. डिप्लोमा झाल्यावर मी सुरक्षिततेचा एक वर्षाचा कोर्स केला होता. इमारतीच्या कामावर माणूस कुठून कुठून पडू शकतो, त्याच्यावर काय काय पडू शकतं, हे सगळं मला पाठ होतं. वडील आष्टीच्या बाजारात ओळखीच्या-अनोळखीच्या माणसांना सांगायचे, "पोरगं हापिसर झालंय." कसला ऑफिसर, हे त्यांनी विचारलं नाही. मीही ते कधी समजावून सांगितलं नाही. कामावर माझ्या हाताखाली एकही माणूस नव्हता. होती ती फक्त हेल्मेटांची खोली.

माझं रोजचं काम असं होतं. सकाळी काम सुरू होण्याआधी कामगारांना गोळा करून दहा मिनिटं सुरक्षिततेवर बोलायचं, आणि मग ऐकणाऱ्यांच्या सह्या रजिस्टरमध्ये घ्यायच्या. पहिल्या आठवड्यात मी खरंच बोललो. दुसऱ्या आठवड्यात शेठने घड्याळ दाखवलं. तिसऱ्या आठवड्यापासून मी शनिवारी एकदम बसून पूर्ण आठवड्याचं रजिस्टर भरायला लागलो. सह्या वेगवेगळ्या पेनांनी करायचो, अंगठे मात्र सगळे माझ्याच हाताचे. आळीपाळीने दोन्ही हातांचे अंगठे वापरायचो, आणि यात आपण फार हुशारी केली असं मला तेव्हा वाटायचं.

भिंतीवर पोस्टरं लावली होती. त्यांत गोऱ्या रंगाचा, निळ्या डोळ्यांचा एक माणूस हातमोजे घालून हसत उभा होता आणि खाली इंग्रजीत काहीतरी सूचना होत्या. आमच्या कामावर इंग्रजी वाचता येणारे दोघे, मी आणि इंजिनियर. आम्हा दोघांनाही उंचावर काम करायचं नव्हतं. स्लॅबखाली फळ्यांचा साचा उभारणाऱ्या सेंट्रिंगवाल्यांना कमरेचे पट्टे दिले होते. पट्ट्याला मागे मोठा हूक. तो अडकवायला वर दोर बांधावा लागतो, तो कुणी बांधला नव्हता. त्यामुळे पोरं हूक पाठीमागे लोंबकळत ठेवून उघड्या स्लॅबच्या कडेकडेने फिरायची. पट्टा घातलेला आहे ना, तेवढं बघून मी रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करायचो.

एकदा पाहुणे येणार म्हणून मी हेल्मेटं वाटली. माल वाहणाऱ्या बिगारी बायांनाही दिली. त्यांतली एक हेल्मेट परत घेऊन माझ्याकडे आली. तिशीची, उंच, बोलायला रोखठोक. प्लास्टर करणाऱ्या मिस्त्रीची ती बायको. दोघं केदारखेड्याकडची, मूळची धनगर. तिकडे शेळ्या भावाकडे ठेवून जालन्याला कामाला आलेली.

"सायेब," ती म्हणाली, "ह्याच्यावर चुंबळ बसंना. घमेलं डोक्यावर घिऊ का ही टोपी घिऊ?"

चुंबळ म्हणजे घमेल्याखाली डोक्यावर ठेवतात ती कापडाची गुंडाळी. हेल्मेटच्या गुळगुळीत घुमटावर ती राहतच नव्हती. माल डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला हेल्मेट कसं घालायचं, हे माझ्या वर्षभराच्या कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवणाऱ्यांपैकी कुणी आयुष्यात घमेलं उचललं असेल असंही वाटत नाही.

मी म्हटलं, "फोटोपुरतं घाला. मग काढून ठेवा."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने वगैरे नाही. बाजारात नासका टोमॅटो हातात आला की बाई तो उलटा करून बघते आणि खाली ठेवते, तसं. मग ती गेली.

तिचा नवरा अगदी निराळा. शांत, कमी बोलणारा, कामाचा शौकीन. त्याने ओढलेली भिंत हाताने चाचपून बघावी अशी असायची. एक सवय त्याला होती. थापी खाली ठेवायचा, दोन पावलं मागे सरकायचा, मान तिरपी करून भिंतीकडे बघायचा. कुठे फुगवटा दिसला की पुढे येऊन पट्टी फिरवायचा. परत दोन पावलं मागे. मी कधी तिथून जात असलो तर मला विचारायचा, "बराबर दिसती का सायेब?" मला भिंतीतलं काही कळत नव्हतं. मी म्हणायचो, "एकदम." त्याला त्यातही आनंद व्हायचा.

मग सुरक्षा सप्ताह आला.

सुरक्षा सप्ताह म्हणजे वर्षातले ते सात दिवस, ज्यांत सुरक्षिततेकडे लक्ष द्यायला कुणालाही वेळ नसतो. आठवडाभर आधीपासून मी मंडपवाला, फोटोग्राफर, शाली, नारळ आणि नाश्ता यांच्यामागे पळत होतो. कामगार खात्याचे अधिकारी उद्घाटनाला येणार होते. शेठने मोठा बॅनर छापून आणला. त्यावर शेठचा हसरा फोटो, हेल्मेट न घातलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत "तुमची सुरक्षा, आमची जबाबदारी". हे घोषवाक्य मीच सुचवलं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी कळलं की बॅनरची चौकट आणणारा मंडपवाला येऊ शकत नाही. शेठ अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. पांढरे बूट, कपाळावर कुंकू, हातात दोन फोन. मध्येच त्याने वर बघितलं.

"लिफ्टच्या भोवती पाइप लावलेत ना आपण?" त्याने मला विचारलं.

इमारतीच्या मधोमध लिफ्टसाठी प्रत्येक मजल्यावर चौकोनी जागा उघडी सोडलेली होती. वरून खालपर्यंत नुसतं भोक. त्यात कुणी पडू नये म्हणून कडेने नट-बोल्टने जोडलेल्या पाइपांचा कठडा होता. पूर्ण कामावर मी भांडून करून घेतलेली ही एकच गोष्ट.

"तिसऱ्या मजल्यावरचे काढा," शेठ म्हणाला. "दोन तासांचा तर प्रश्न आहे. कार्यक्रम झाला की परत लावू."

नाही म्हणायला मला एवढंच म्हणायचं होतं: नाही. वाक्य छोटं होतं. मी म्हणालो, "चालेल. मी तिथे रिबन बांधतो."

लाल-पांढरी प्लास्टिकची रिबन. ती माझ्याजवळ भरपूर होती. तिसऱ्या मजल्यावर त्या भोकाच्या चार कोपऱ्यांना मी ती स्वतः बांधली, गाठी पक्क्या मारल्या, आणि खाली येऊन हेल्मेटं वाटली.

कार्यक्रम झकास झाला. अधिकाऱ्यांनी नारळ फोडला. सगळ्यांनी उजवा हात पुढे करून शपथ घेतली. बायांनीही पाहुण्यांच्या मागोमाग "मी शपथ घेतो की" असंच म्हटलं, कारण शपथ पुरुषांसाठी लिहिलेली होती. कठड्याच्या पाइपांवर ताणून बांधलेला बॅनर वाऱ्याने जराही हलला नाही. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. पाहुणे गेल्यावर मी शेठला पाइपांची आठवण केली.

"राहू दे," तो म्हणाला. "रस्त्यावरून मस्त दिसतो. आठवडा होऊ दे."

मी राहू दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो होतो. रिबन एका बाजूने तुटून खाली लोंबत होती. कुणाचं तरी घमेलं लागून तुटली असणार. मी ती बघितली. दुपारी नवी बांधू, असं मनाशी ठरवलं. खाली शाळेतल्या मुलांच्या चित्रांचा ढीग माझी वाट बघत होता. सुरक्षिततेवरच्या चित्रकला स्पर्धेचे नंबर काढायचे होते.

मी चित्रांवर वाकलेलो असताना वरून आवाज आला. आधी पत्रा पडल्यासारखा, मग लाकूड मोडल्यासारखा, आणि मग पूर्ण कामावर एकदम शांतता.

मिस्त्री लिफ्टच्या समोरच्या भिंतीला प्लास्टर करत होता. थापी खाली ठेवून तो दोन पावलं मागे सरकला. भिंत कशी दिसते ते बघायला.

पहिल्या मजल्याच्या उंचीवर त्या भोकात सेंट्रिंगच्या फळ्या आडव्या पडून होत्या. नियमाने त्या तिथे असायला नको होत्या. मी त्यांची तक्रारही लिहून ठेवली होती. त्या फळ्यांवर तो पडला, म्हणून वाचला. माझी तक्रार कुणी ऐकली असती तर तो तळापर्यंत गेला असता.

मी धावत पोचलो तर त्याची बायको माझ्या आधीच पोचलेली. ती खाली माल कालवत होती. तिचे हात कोपरापर्यंत सिमेंटने भरलेले. ती ओरडली नाही, रडली नाही. फळ्यांवर उतरून तिने नवऱ्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं आणि आजूबाजूच्यांना दरडावत होती, "हलवू नका कुणी त्याह्यला! एक लंबी फळी आना. जल्दी!"

फळी आली. तिने सांगितलं तसं चौघांनी त्याला फळीवर सरकवलं, तिच्याच पदराने बांधलं, आणि बाहेर काढलं. या सगळ्या वेळात मी काय केलं, हे मला लोकांनी नंतर सांगितलं. मी शिट्टी वाजवत होतो. कार्यक्रमासाठी गळ्यात अडकवलेली शिट्टी. हेल्मेटांच्या खोलीत नवंकोरं स्ट्रेचर होतं, तेही प्लास्टिकमध्ये. ते मला संध्याकाळी आठवलं.

दवाखान्यात मिस्त्री शुद्धीवर होता. डावा खुबा मोडला होता, मांडीचं हाड दोन ठिकाणी. मला बघून तो कसनुसं हसला आणि म्हणाला, "सायेब, भिंत वली हाय अजून. कुणाला तरी पट्टी मारून घ्यायला सांगा, न्हाईतर खराब हुईन."

बाहेर व्हरांड्यात शेठने माझ्या खांद्यावर हात ठेवला. उपचाराचं सगळं मी बघतो, म्हणाला, आणि ते त्याने केलंही. फक्त कागदावर काय लिहायचं, ते मला नीट समजावलं. मिस्त्री त्याच्या राहत्या खोलीच्या जिन्यावरून घसरला. सुट्टीच्या वेळेत. कामाचा संबंध नाही. शेठचं बोलणं इतकं मायाळू होतं, की ते नाकारणं म्हणजे मिस्त्रीच्याच पायावर घाव घालणं आहे असं मला वाटावं. मला तसं वाटलंही. वाटून घेणं सोयीचं होतं.

गेटजवळ एक फळा होता, "अपघाताविना गेलेले दिवस". त्यावर रोज खडूने आकडा लिहायचं काम माझं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आदला आकडा पुसला आणि त्यात एक वाढवून लिहिला. तोवर कठड्याचे पाइप परत वर लागले होते.

मिस्त्री चार-पाच महिन्यांनी काठी टेकत कामावर आला. वर चढणं संपलं होतं. शेठने त्याला गेटवर खुर्ची दिली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या, बस. शेठ आल्यागेल्याला ती खुर्ची दाखवायचा आणि म्हणायचा, "आपण माणूस टाकत नाही." मिस्त्रीलाही ते खरं वाटायचं. मला म्हणायचा, "दुसऱ्यानं इचारलं बी नसतं सायेब. शेठ देवमाणूस हाय." त्याची बायको वर माल वाहत होती. ती माझ्याशी बोलत नव्हती.

वर्ष फिरलं. पुन्हा सुरक्षा सप्ताह. या वेळी शेठच्या डोक्यात नवीन कल्पना आली.

"भाषणं लोक ऐकत नाहीत," तो म्हणाला. "मिस्त्रीला उभा करू. स्वतः सांगेल, मी काळजी घेतली नाही म्हणून माझं असं झालं. लोकांना पटतं असलं. रडतातसुद्धा."

"पण आपण कागदावर जिना..."

"जिनाच सांगेल. घाईत जिना उतरत होतो, लक्ष नव्हतं, पडलो. तू लिहून दे. तुझी भाषा चांगली आहे."

माझी भाषा चांगली होती. मी एक पान लिहून काढलं. "मित्रांनो, माझ्या निष्काळजीपणामुळे माझ्यावर ही वेळ आली" अशी सुरुवात केली, आणि शेवटी "कंपनीने मला सर्व सुविधा दिल्या होत्या" असं घातलं. लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि एके ठिकाणी स्वल्पविराम दिला.

मिस्त्री चौथीपर्यंत शिकलेला. अक्षर लावून लावून वाचायचा. आम्ही दुपारी गेटवर बसून तालीम करायला लागलो. तो मन लावून करायचा, जशी भिंत करायचा तसंच. पण एका शब्दावर अडकायचा.

"निष्का... निष्काळ... सायेब, ह्या शब्दाचा अर्थ काय हाय?"

"म्हणजे तुमच्या चुकीने."

त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं. "माझी चूक कोनती व्हती?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, म्हणजे पुढच्या वेळी ती टाळता येईल.

"असं लिहायची पद्धत असते," मी म्हणालो.

"अन् जिन्याचं? मी जिन्यावरून कुठं पडल्तो?"

"ते शेठने सांगितलंय. तुमच्या भल्यासाठी."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.

कार्यक्रमाच्या दिवशी तो पांढरा सदरा घालून आला. टोपी धुऊन कडक केलेली. मंचावर तेच अधिकारी, तोच शेठ. पुढे कामगार पिवळ्या हेल्मेटांत ओळीने बसलेले, बाया मागे उभ्या. मिस्त्री काठी टेकत माइकपाशी गेला आणि त्याने पूर्ण कागद वाचून दाखवला. एकही शब्द गाळला नाही. निष्काळजीपणा हा शब्द तर इतका स्पष्ट म्हटला, की मला मान खाली घालावी लागली. टाळ्या पडल्या. शेठने डोळे पुसले.

खरं तर तिथेच संपायचं. पण शाल देतानाचा फोटो काढायच्या वेळी फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. तो बॅटरी बदलेपर्यंत मंचावर नुसतं उभं राहावं लागलं. अधिकाऱ्यांनी वेळ काढायला म्हणून मिस्त्रीला सहज विचारलं, "बरं मामा, काय केलं असतं म्हणजे तुम्ही पडला नसता? सांगा सगळ्यांना."

हा प्रश्न कागदात नव्हता. मिस्त्री विचारात पडला. काम अडलं की तो जसा विचार करायचा, तसाच प्रामाणिक.

"पाइप जागेवर असते तर पडलो नसतो," तो म्हणाला.

माइक चालू होता.

"कोणते पाइप?"

"लिफ्टच्या कडंचे. तीन नंबर मजल्यावरचे."

"पण तुम्ही तर जिन्यावरून पडलात ना?"

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. तालमीत अडकला की बघायचा तसं, आता पुढे काय म्हणायचं ते सांगा म्हणून. शेठ पुढे झाला, "साहेब, अपघातापासून ते थोडे गोंधळतात. डोक्याला मार..."

"डोक्याला न्हाई, खुब्याला मार हाय त्याह्यच्या."

आवाज मागून आला. बायांतून मिस्त्रीची बायको पुढे आली. हेल्मेट काखेत, डोक्यावर चुंबळ. ती मंचापर्यंत आली नाही. रांगांच्या मधोमध थांबली आणि बोटाने मला दाखवलं.

"त्या सायबाला इचारा. गेल्या साली बॅनर बांधाया पाइप कुणी काढायला लावले. रिबन कुणी बांधल्ती. बिलकुल खोटं बोलू नका म्हणावं, समदे बघून राह्यले."

इथे मी धैर्याने पुढे झालो असं लिहायला मला आवडलं असतं. मी गप्प बसलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. फोटोग्राफरची नवीन बॅटरी बसून झाली, त्याने कॅमेरा वर उचलला आणि पुन्हा खाली घेतला, तेवढा. मग अधिकाऱ्यांनी मला नावाने हाक मारून विचारलं, आणि पळायला जागा उरली नाही म्हणून मी म्हणालो, "काढले होते. शेठने सांगितलं, मी हो म्हटलं. ते जिन्यावरून पडले नाहीत."

मंचावर जो गोंधळ झाला तो पाहण्यासारखा होता. अधिकाऱ्यांनी हातातली शाल कुठे ठेवावी कळेना, म्हणून ती स्वतःच्याच खांद्यावर टाकली. शेठ हसत होता. हसू तोंडावरून कसं काढायचं ते त्याला सुचत नव्हतं. निवेदकाने नाश्त्याची घोषणा केली. आणि मिस्त्री हातातल्या कागदाची घडी करत माझ्याजवळ आला.

"माझं काही चुकलं का सायेब?" तो म्हणाला. "मला इचारलं म्हनून मी सांगलं."

"नाही," मी म्हणालो. "तुमचं काही चुकलं नाही."

वर्षभरात मी त्याला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट.

अधिकाऱ्यांनी नाश्ता केला. चौकशी करू, म्हणाले, आणि गाडीत बसून गेले. पुढे नोटीस आली, उत्तर गेलं, परत नोटीस आली. त्या कागदांचं काय झालं, ते मला माहीत नाही. जे झालं ते बायांनी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही बिगारी बाई वर गेली नाही. घमेली पालथी घालून त्या खाली बसल्या. माल वर जाईना, म्हणून मिस्त्री लोक रिकामे. शेठ गाडीतून उतरून ओरडला, मग समजावलं, मग विचारलं, काय पाहिजे तुम्हाला?

"कठडे पक्के करा," मिस्त्रीची बायको म्हणाली. "नट-बोल्ट नको. नट काढता येतो. वेल्डिंग मारा."

"अरे, उद्या लिफ्टचे दरवाजे बसवायचे आहेत! तेव्हा गॅस कटरने कापावं लागेल सगळं. खर्च कोण देणार?"

"तवा कापा मंग. दार बसल्यावर कोन पडतंय?"

शेठने इंजिनियरकडे बघितलं, इंजिनियरने आकाशाकडे. ज्या गावात सळईच्या भट्ट्या धडधडतात, तिथे वेल्डिंगवाला मिळत नाही असं सांगायची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी सातही मजल्यांवर कठड्यांना वेल्डिंग मारून झालं. बायांनी स्वतः फिरून एकेक पाइप हलवून बघितला. चौथ्या मजल्यावरचा एक हलला, तो पुन्हा करून घेतला. घमेल्यांसाठी खालून वर दोराची कप्पीही त्यांनी मागून घेतली, म्हणजे डोक्यावर वाहणंच कमी झालं आणि हेल्मेट घालता यायला लागलं. हे मला सुचायला हवं होतं. सुरक्षिततेचा कोर्स केलेला मीच होतो.

मला शेठने महिना भरायच्या आत काढलं. कारण लिहिलं होतं, कामात हलगर्जी. सही करून कागद घेताना मला राग यायला हवा होता, पण आरोप खोटा नव्हता. मिस्त्रीला मात्र तो गेटवरून हलवू शकला नाही. बाया बघत होत्या.

आता मी तीर्थपुरीला एका मंगल कार्यालयाच्या बांधकामावर आहे. दुसरा ठेकेदार, तेच पद. हेल्मेटांच्या खोलीला कुलूप नाही, आणि रजिस्टरात अंगठे ज्यांचे त्यांचे असतात. याहून मोठं काही केलं असं मी म्हणणार नाही. सुरक्षा सप्ताहाचं बोलणं निघालं की मला अजून कसंतरी होतं.

मागच्या महिन्यात प्लास्टरची टोळी आली. टोळीची मुकादम म्हणून जी बाई टेम्पोतून उतरली, ती मिस्त्रीची बायको. केस जरा पांढरे झालेले. मला तिने ओळखलं. ओळखल्याचं दाखवलं नाही.

"मिस्त्री कसे आहेत?" मी विचारलं.

"हायेत. गावाकडं खालची कामं करत्यात. स्टुलावर बसून हात पुरंल तेवढी भिंत वढत्यात. वरची दुसऱ्याला द्येत्यात." मग टेम्पोतलं सामान उतरवून घेत, "अजून मागं सरकून बघायची सवय जाईना. मी वरडते."

मी म्हटलं, "पायाड कालच बांधून घेतलंय, मी तपासलंय. तुमच्या बाया वर चढायला हरकत नाही."

पायाड म्हणजे भिंतीला लागून बांधलेलं बांबू-फळ्यांचं मचाण. तिने माझं बोलणं ऐकलं आणि पदर कमरेला खोचला.

"तुमी हितंच थांबा," ती म्हणाली.

ती एकटी वर चढली. प्रत्येक फळीवर उभी राहून तिने पायाने दाब देऊन बघितला, बांधलेले दोर ओढून बघितले. टोळीतल्या बाया खाली माझ्या शेजारी उभ्या होत्या, आणि कुणीही तिच्याआधी शिडीला हात लावत नव्हतं. खाली आल्यावर हात झटकत ती मला म्हणाली, "टोकाच्या दोन फळ्या कुजक्या हायेत. त्या बदला. मंग बघू."

मी फळ्या आणायला गेलो.